टांगलेली जाळी

२५ जून १९७८, रविवार
बोलून बसलो! माझ्या जिभेला हाड नाही, असं काशम्मा लग्नापासून सांगते आहे.

तळ्याकाठी भोयांच्या वस्तीवर आमच्या तळे संरक्षण मंडळाची सभा होती. मंडळ म्हणजे अध्यक्ष मी आणि शाळेतले तीन मास्तर. चौघेही लिंगायत, मासा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. विषय काय, तर आषाढ-श्रावणात मासळीच्या पोटात अंडी असतात, तेवढे दोन महिने जाळी टाकू नका, नाहीतर तळं रिकामं होईल. मी पाऊण तास बोललो. भूगोलाच्या तासाला पोरं डुलक्या घेतात, तशीच वस्तीही घेत होती.

शेवटी सोजरबाई उठल्या. मासे विकतात, त्यांच्याशिवाय वस्तीचं पान हलत नाही. "समदं पटलं, सर. पर दोन महिने आमी खायाचं काय? तुमचं भाषान?"

सगळे हसले. मला राग आला आणि मी गरजलो — "जोंधळे मंडळ देईल!"

मंडळाकडे एक पाटी आहे. तीही अर्धीच रंगवलेली.

२ जुलै
झोळी घेऊन निघालो. पहिलं घर चनमल्लप्पाकाकांचं — माझे सख्खे काका, जोंधळ्याची आडत. त्यांनी विचारलं, "भोयांना कशापायी रे, गुरुसिद्धा?"

मी म्हणालो, "काका, त्यांनी जीवहत्या सोडली." पुढे 'दोन महिन्यांपुरती' म्हणायचं होतं. ते पोटातच ठेवलं. काकांच्या डोळ्यांत चक्क पाणी! "छलो आतु, लई चांगलं झालं! लई पुण्य लागलं की तुला." पोती गाडीत चढली. मी काय, गाडीवाल्याला म्हणू थांब म्हणून?

९ जुलै
पेठभर फिरून झालं. प्रत्येक दारात सुपाने जोंधळे. आज एकाने विचारलं, "भोई मंडळी दीक्षा कधी घेणार?" मी म्हणालो, "हळूहळू." हळूहळू! धन्य माझी.

२३ जुलै
वस्तीवर प्रत्येक झोपडीपुढे जाळी टांगलेली. सोजरबाईंनी मला काठाशी नेऊन दाखवलं — उथळ पाण्यात सुईएवढी पिलं, ही गर्दी! इतका आनंद झाला की चपलेसकट पाण्यात उतरलो आणि घसरून आपटलो. पोहता येत नाही. पाणी गुडघ्याएवढंच होतं, तरी "वाचवा" म्हणून ओरडलो. सगळी वस्ती हसली, मीही हसलो. फार दिवसांनी असं बरं वाटलं.

६ ऑगस्ट
काशम्मा विचारते, "काकांना खरं कधी सांगणार?" श्रावण संपू दे, म्हटलं.

२७ ऑगस्ट
मठात माझा सत्कार! काका भाषणात म्हणाले, "आमच्या गुरुसिद्धानं भोयांचं मासे मारणं कायमचं सोडवलं." कायमचं! टाळ्या पडल्या. आता उठून सांगावं, असं वाटलं. उठलो, शाल घेतली आणि बसलो. दाराशी सोजरबाई उभ्या होत्या, राहिलेले जोंधळे न्यायला आलेल्या. मी नजर चुकवली.

२ सप्टेंबर, पोळा
श्रावण संपला, जोंधळेही संपले. उद्या जाळी पाण्यात पडणार आणि माझी अब्रूही. पोळी गोड लागली नाही.

१० सप्टेंबर
जाळी अजून टांगलेलीच! रस्त्यावरून पाहिलं. देव पावला. विसरले असतील, म्हटलं. पोट भरायचं कुणी विसरतं का, हा प्रश्न अध्यक्षांना पडला नाही.

१७ सप्टेंबर
आज राहवेना, वस्तीवर गेलो. चिटपाखरू नाही. एक म्हातारी म्हणाली, सगळे रस्त्याच्या कामावर गेलेत, खडी फोडायला. दिवस मावळताना माणसं परतली. सोजरबाईंच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"जाळी का नाही टाकली?"

"मठात काय बोलनं झालं ते म्या ऐकलं की. आमी जाळं टाकलं तर तुमची इज्जत जातीया. म्हून थांबलो."

"कधीपर्यंत?"

"तुमी सांगस्तवर."

हसून काही लिहावं म्हणून बसलो. जमत नाही. माझ्या एका शालीसाठी ही माणसं पंधरा दिवस खडी फोडत होती. लाज वाटते.

१८ सप्टेंबर
भर आडतीत काकांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं माप खाली ठेवलं. "आमच्या जोंधळ्यावर मासे पोसलेस, मारायला? फुडं एक दाना मिळणार न्हाय. तोंड दावू नको."

तसाच वस्तीवर गेलो. म्हटलं, जाळी टाका. पुढच्या आषाढात जोंधळे नाहीत, मंडळही नाही. माफ करा.

सोजरबाई जाळं खांद्यावर घेत म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. आषाढात जाळी टांगायचीच, सर. खडी फोडाया आता येती की आमाला."