मोऱ्याचा सौदा आणि स्पॅनिशचा जोर

सौ. वंदनाताईस,

देऊळघाटहून राजकुमारचा नमस्कार. तुझी आणि दाजींची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. इथे आई ठीक, बाबा तीन दिवस गोठ्याकडे फिरकलेले नाहीत, आणि कपाशीचं विचारू नकोस. बीटीला अळी लागत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. गुलाबी अळीला हे कोणी कळवलं नसावं.

तू पुण्याहून फोनवर शिकवतेस ती स्पॅनिश मात्र जोमात आहे. 'जमतं तर विकत घेतलं असतं' याला 'कोंप्रारीआ'. कों-प्रा-री-आ, तुकडे चार, जोर 'री'वर. 'री' आणि 'आ' चिकटवून 'र्या' म्हटलं की नोकरीची परीक्षा बुडाली, असं तू बजावलंस. (असतं-नसतंच्या सगळ्याच क्रियापदांत जोर त्या 'ई'वर. आपल्या घराला ही भाषा सोपी जायला हवी.) तूच सांगितलंस म्हणून मी तुकडे बोटांवर मोजतो आणि 'री'ला बोट दाबतो.

गुरुवारी बाबांबरोबर मोऱ्या बैलाचा नुसता भाव काढायला बाजारात गेलो. तुला ठाऊकच आहे, दलाल रुमालाखाली आपली बोटं धरून भाव सांगतो. पटला तर आपण उलट दाबायचं, मग तो रुमाल काढतो म्हणजे सौदा पक्का; नाहीतर हात ढिला ठेवायचा. बाबा म्हणाले, "हात तू दे बे, शिकून घे. पन दाबू नोको." वामनराव दलालांनी बोटं धरली. भाव पडेल होता. मी हात ढिला ठेवून उभा राहिलो आणि रिकामा वेळ म्हणून मनात कों-प्रा-री... इतकं दाबलं की वामनराव कळवळले आणि रुमाल झटकून मोकळे झाले. दुसरबीड गावच्या एका गिऱ्हाइकाने मोऱ्याला नेलंसुद्धा. "ते स्पॅनिश होतं," असं मी सांगून पाहिलं, तर सगळा बाजार हसला. बाबांनी "काऊन दाबलं बे?" एवढंच विचारलं. मला फार वाईट वाटतं, ताई. आपल्या घरचा बैल माझ्या हाताने गेला.

तुझा,
राजकुमार

ता.क. रविवारी परीक्षा देतो आहे.

ता.क. पुन्हा : आत्ता वामनराव भेटले. म्हणाले, "तुया बापानं सकाळीच हो म्हटलं होतं मले. सारं वावर कपाशीचं, ज्वारी नाही, मंग कडबा कुठून आनतो? बैल उपाशी पाहवत नव्हता त्याले, अन् सौदाबी आपल्या हातानं होत नव्हता. म्हनून तुले पुढं केलं. तू दाबलं नसतं तरी मी रुमाल काढलाच असता."

हे मला कळलंय, हे बाबांना सांगू नकोस. पत्र मिळालं की फोन कर, मी स्पीकर लावतो. त्यांच्यादेखत मला चांगलं खडसाव. मोऱ्या राजकुमारनं घालवला, असंच घरात राहू दे.