शेखरची निळी तुकडी

११ सप्टेंबर, गुरुवार
घर विकायचं ठरलं. क्लोजिंग, म्हणजे शेवटच्या सह्या, ३ ऑक्टोबरला, मग मी शिकागोला लेकीकडे, ईशाकडे. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पितृपक्षात कुणी घराचं बोलतं का?" म्हटलं, आई, घेणाऱ्याला पक्ष कुठला माहीत असायला. मग मलाच वाईट वाटलं. मुलाच्या, शेखरच्या, श्राद्धासाठी या वयात एवढा प्रवास करून आल्यात.

बेसमेंट सोडून सगळं बांधत आणलंय. खाली टेबल टेनिसचं टेबल, त्यावर शेखरच्या शिडाच्या बोटी. काडेपेटीएवढ्या, एकेक त्याने हाताने रंगवलेली. गेल्या वर्षी तो गेला तेव्हा होत्या तशाच. इंग्रज त्याचे, फ्रेंच समोरच्या घरातल्या डेनिसचे. दर शनिवारी एक चाल, त्यावर तासभर वाद. तो गेला तेव्हा पुढची चाल शेखरची होती. अजून त्याचीच आहे. मी फक्त ब्रशने धूळ झटकते, तीही श्वास रोखून.

१३ सप्टें., शनिवार
डेनिस टोमॅटो घेऊन आला. दारातच घुटमळला. म्हणाला, "मीनल, घर जायच्या आधी ते संपवून टाकू या का? शेकची चाल तू कर." शेखर त्याच्या जिभेवर कधी बसलाच नाही, कायम शेक. म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. खोटं. इतकी वर्षं जेवताना दुसरं ऐकलंय काय.

खरी लढाई आहे ती, अडीचशे वर्षांपूर्वीची. फ्रान्सबाहेर उशांत बेटाजवळ दोन्ही आरमारं तोफा डागत एकमेकांच्या शेजारून गेली. इंग्रज अ‍ॅडमिरलनं पुन्हा रांग धरायला निशाण चढवलं आणि त्याचीच मागची तुकडी आली नाही. दिवस मावळला. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. घरी परतल्यावर इंग्रज आपसातच भांडत बसले. शेखरला एवढंच बघायचं होतं, की ती निळ्या निशाणाची तुकडी आली असती तर? मी म्हणायचे, तुझ्या बापजाद्यांचं काय अडलंय त्यात. हसायचा नुसता.

डेनिसला कसं सांगू. ती चाल शिल्लक आहे तोवर तो खाली खुर्चीत विचार करत बसलाय असं वाटतं मला. झाली की संपलं. मग मी खरंच एकटी.

वेडेपणा आहे. पण आहे.

१५ सप्टें., सोमवार
सकाळी कपडे घेऊन खाली गेले. निळी तुकडी वळली आहे.

बॉयलरकडे तोंड होतं तिचं, वर्षभर. आता लढाईकडे आहे. सगळ्या बोटींचं.

पायरीवरच बसले. भीती नाही वाटली. आनंद झाला, इतका की लाज वाटावी. "आलास?" मोठ्याने विचारलं. मग ड्रायर लावला आणि तिथेच बसून राहिले, जसं पूर्वी तो खेळताना बसायचे, घड्या घालत. खुर्ची जरा मागे सरकल्यासारखी वाटली. वाटली म्हणजे नुसतं वाटलंच असेल.

दिवसभर गुणगुणत होते. आई बघत होत्या. कुणाला काही सांगितलं नाही.

१६ सप्टें., मंगळवार
आईंनी केलंय.

चहा पिताना आपणहून म्हणाल्या, "त्या होड्या दक्षिणेकडे तोंड करून होत्या गं. दिव्याची वातसुद्धा आपण तशी ठेवत नाही. त्यात पक्ष. पूर्वेला वळवल्या."

मी ओरडले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" अशा आवाजात त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझा मुलगा आहे तो." आहे म्हणाल्या.

खाली गेले. कठड्याला धरून त्याही मागून आल्या. एकेक बोट दाखवली, ही वळवली, ही वळवली. पलीकडच्या टोकाला, भिंतीलगत, तुकडीतली शेवटची. तीही वळलेली. म्हणाल्या, "हिला नाही लावला हात. माझा पोचतो का तिथे?"

नाही पोचत. टेबल त्यांच्या पोटाला लागतं, आणि पलीकडे खोकी रचलेली. दोघी बघत उभ्या राहिलो. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, घट्ट.

ईशाला फोन केला. "आई, इट्स जस्ट द ड्रायर. टेबल व्हायब्रेट होतं. प्लीज डोन्ट डू धिस टू युवरसेल्फ." असेल. पण ड्रायर काय काल आणलाय?

१८ सप्टें., गुरुवार
झोप नाही. ती एक बोट डोक्यातून जात नाही. आईंची माफी मागितली. म्हणाल्या, "चल, कणीक मळ." पोळ्या केल्या. दोघींपुरत्या करायच्या असून खूप झाल्या, तो असताना लागायच्या तेवढ्या.

२० सप्टें., शनिवार
डेनिसला दुपारी बोलावलं, सगळं सांगितलं. दक्षिण दिशेचंही. हसला नाही. हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती हळूहळू फिरला. मग म्हणाला, बोटीवरून हात सुटला की चाल झाली, हा नियम शेकनंच केला होता.
"पण हात आईंचा."
"शेकच्या बाजूचाच ना."
 शेवटच्या बोटीसमोर मात्र तो बराच वेळ थांबला.

निळे आले म्हणजे आता फ्रेंच हरणार, असं म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "मग खेळ. आता चाल तुझी." आपल्याच तोंडानं म्हटलं. तो म्हणाला, थोडा वेळ एकटा बसतो. मी वर आले. आई स्वयंपाकघरात उद्याच्या खिरीचे तांदूळ निवडत होत्या, मीही बसले त्यांच्यासोबत.

बऱ्याच वेळानं वर आला तो काखेत बुटांचा खोका घेऊन. त्यात फ्रेंच आरमार. "घरी चाललो," म्हणाला. मला कळेना. मग सांगितलं, खरे फ्रेंचही असेच गेले. अंधार पडल्यावर तीन बोटींनी कंदील लावले आणि जागेवर थांबल्या, इंग्रजांना वाटावं सगळं आरमार समोर आहे. बाकीच्या गुपचूप बंदराला लागल्या. सकाळी पाहिलं तर समोर तीनच.

"हरलास म्हणायचं का?" विचारलं. "नोप," म्हणाला. आईंना वाकून नमस्कार केला, शेखरनं शिकवला होता तसा, आणि गेला. मी खाली गेले नाही. धीर झाला नाही.

२१ सप्टें., रविवार. सर्वपित्री
आंघोळ करून खाली गेले. तीन फ्रेंच बोटी. प्रत्येकीशेजारी बॅटरीवरची एकेक पणती, लावून ठेवलेली. समोर शेखरचं अख्खं आरमार, रांगेत, निळे पोचत आलेले. शेवटच्या बोटीकडे आधी पाहिलं. आहे तिथेच आहे.

मला ठाऊक आहे फ्रेंच गेलेत. ते समोरच्या घरात, खोक्यात आहेत. तरी उभी राहिले तर वाटतं, अंधारात अजून सगळे आहेत आणि तो त्यांच्याकडे बघत विचार करतोय. चाल आता कुणाची, ते डेनिसला विचारलं नाही. विचारणारही नाही.

आईंनी खिरीची वाटी खुर्चीपुढे ठेवली. "बस रे सावकाश," म्हणाल्या. मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

सामान हलवणाऱ्या मूव्हरचा मेसेज आलाय. बेसमेंटमध्ये काय काय आहे? लिहिलं, एक टेबल. लगेच पुढचा आला, टेबल रिकामं आहे ना?

अजून उत्तर दिलेलं नाही.