लछमी खिला यांच्या दाण्यांना लागलेला वास

मी, धोंडू बाबाजी परब, वय ७३, राहणार भटवाडी, घाटकोपर (पश्चिम), डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहितो. सोमवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे.

१. राहती खोली व बँकेतली ठेव पत्नी सुगंधा हिला. ती असेपर्यंत वाटणीचा विषय कुणी काढू नये.

२. कॉफी भाजायचा ड्रम सून रुचिरा हिला. थांबायचं कधी, ते तिला कळतं.

३. वाकोल्याचा मेव्हणा राजेश वीस वर्षं माझ्या कॉफीत चार चमचे साखर घालून वर "कडू आहे" म्हणत आला. त्याला काही नाही.

४. आता मुख्य गोष्ट. आमच्या दुकानात प्रत्येक शेतकऱ्याची गोणी वेगळी भाजतात आणि पुडीवर त्याचंच नाव असतं. ओडिशातल्या कोरापुटच्या डोंगरातल्या लछमी खिला पाऊण एकरात, फणसांच्या सावलीत कॉफी पिकवतात. पहिल्या घोटाला आमसुलाचा आंबटपणा, मागून काकवी. २०२२ च्या मे महिन्यात गिऱ्हाइकांनी त्यांच्या पुड्या परत आणल्या, कुबट वास येतो म्हणून. मला वास आला नाही. तरी मी त्यांच्या गावच्या शेतकरी गटाला पत्र लिहिलं, की बाईंनी ओले दाणे भरले. गटाने त्यांना काढलं. तेव्हापासून त्यांची कॉफी व्यापाऱ्याच्या ढिगात बिननावाची जाते.

या एप्रिलात जुने गिऱ्हाईक नंदकिशोर साने मुंजीचं आमंत्रण द्यायला प्रथमच घरी आले आणि उंबऱ्यातच थबकले. "परब, त्या पुड्यांना हाच वास होता."

पोटमाळ्यावर पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील होते, मनोरीहून मीच आणलेले. त्या साली लछमीबाईंची गोणीही मी तिथेच ठेवली होती, बोंबलांना खेटून. दाणा शेजारचा वास ओढतो, हे मी लोकांना शिकवतो. पण आम्हा कोकण्यांना बोंबलाचा वास वास वाटतच नाही, घर वाटतं.

मुलगा निलेश म्हणाला, "बाबा, उकरून काढू नका. दुकानाची वाट लागेल." मी महिनाभर गप्प बसलो.

५. दुकानाचा गाळा निलेशला. मात्र माझ्यामागे दोन महिन्यांत त्याने त्या गावी जाऊन गटासमोर माझी चूक सांगावी, नाहीतर गाळा मुलगी श्रुतिकाला.

("मात्र"पासून पुढची अट रद्द. खोडणारा मीच. धों. बा. परब)

रद्द का, तर हे वाचून दाखवलं तेव्हा सुगंधा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बोंबील तुमी ठेवलास, चिठी तुमी लिवलास. आणि नाक घासूक झिलाक धाडतास?"

"आणि वाटेत मेलो तर?" मी विचारलं.

"मग थय जावन मरा." तिने सुपातून मान वर केली नाही.

निलेश एवढंच म्हणाला, "तिथे जवळपास दवाखाना नाही, बाबा," आणि बाहेर गेला.

६. ऑपरेशन दहा दिवस पुढे ढकललं आहे. "जबाबदारी तुमची" असं डॉक्टरांनी लिहून घेतलं. शुक्रवारी मी विशाखापट्टणमच्या गाडीने निघतो, तिथून पुढे कोरापुट. निलेश माझ्याशी बोलत नाही. तिकिटं मात्र त्यानेच काढली, दोन. गटाला खुलाशाचं पत्र आजच रजिस्टर पोस्टाने टाकलं आहे, म्हणजे मी पोचलो नाही तरी बाईंचं नाव परत लागेल. वाटेत माझं बरंवाईट झालं, तर निलेशने तिथूनच मागे फिरावं. लछमीबाईंना तोंड दाखवायचं राहिलं, तर ते माझं राहिलं. पोराने ते अंगावर घेऊ नये.

वरचा मजकूर, खोडाखोडीसकट, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

धोंडू बाबाजी परब

साक्षीदार:
१) सुयोग महादेव सावंत, शेजारी
२) माणिक गोविंद राणे, शेजारी

घाटकोपर, मुंबई. १४ मे २०२५