छातीतली उजवी कमान

मी, रहमतुल्ला वल्द दाऊद, वय अडुसष्ट, धंदा कल्हई, राहणार जुन्नर, अक्कल जाग्यावर असताना व कुणी कान न फुंकता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. आमच्या शरियतीप्रमाणे मिळकतीचा तिसरा हिस्साच मला मर्जीने देता येतो. बाकी सर्व माझा एकुलता मुलगा अन्सार याचे. त्यात मी बोट घालणार नाही.

कलम एक. त्या तिसऱ्या हिश्श्यातून रस्त्याकडील खोली सून झुबेदा हिला द्यावी. तांब्याचा हंडा बहीण हाजराबीला. नात जोहराबी जन्मली तेव्हा श्वास घेताना फाटक्या भात्यासारखी वाजायची, आणि पुढे भाताचे शीतही घशाखाली उतरेना. तेव्हा हाजराबी पेठभर सांगत फिरली, "सुनेचं दूधच नासकं हाय." हंड्याला कल्हई मी स्वतः केली आहे. त्यातले पाणी पिताना तरी तिने गप्प बसावे.

कलम दोन. दूध नासके नव्हते. सन १९५६ साली मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पोरीला पांढरे औषध पाजून फोटो काढले आणि मला कागदावर चित्र काढून समजावले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी माणसाच्या छातीत एक कमान घेते व डावीकडून खाली उतरते. जोहराला कमानी दोन. दोहोंनी मिळून श्वासनळी आणि अन्ननळीभोवती कडे घातलेले. बाईंनी बारीक कमान दोन्हीकडून बांधून मधोमध कापली. कडे सुटले. पोर त्या रात्री आवाज न करता झोपली आणि अन्सार, झुबेदा आणि मी तिच्याकडे नुसते बघत बसलो.

"कुठं कापायचं ते तुमाला कसं कळलं?" मी बाईंना विचारले. त्यांनी मला बरण्यांच्या खोलीत नेले. एका बरणीत तान्ह्या बाळाचे हृदय होते, लिंबाएवढे, वर तशाच दोन कमानी. "हे बाळ वाचलं नाही. याच्यावरून आम्ही शिकलो," त्या म्हणाल्या. मी नाव विचारले. कुणालाच ठाऊक नव्हते. जन्मभर मी भांडी घडवणाऱ्यांत वावरलो, पण असे घडलेले कधी पाहिले नव्हते, आणि ते उघडून नीट करण्याची हिंमत माणसाच्या बोटांत असते हेही माहीत नव्हते. माझे हात आपोआप दुव्यासाठी वर गेले.

कलम तीन. बाईंनी माझाही फोटो काढला. माझी कमान एकच, पण उजवीकडे वळलेली! जेवणावळीत सगळे हात धुऊन उठले तरी माझा घास तोंडातच असे, त्याचे कारण बहुधा हेच, असे त्या म्हणाल्या. मित्र गेणभाऊ जन्मभर मला "रवंथ झाला का, राव?" असे चिडवत आला. त्याला माझी काठी द्यावी व मी माफ केले असे कळवावे.

कलम चार. असे घराण्यात उतरते का, हे अजून डॉक्टरांनाही ठाऊक नाही. त्यांना पाहायचे आहे. म्हणून मी मेल्यावर इथल्या डॉक्टरांनी माझे हृदय व कमान काढून, औषधाच्या बरणीत घालून मुंबईस पाठवावी. तसे बोलणे झाले आहे. अन्सारला हे मान्य नाही. "अब्बा, मय्यतीला सुरी लावायची न्हाई. मी लोकांना काय तोंड दाखवू?" असे तो म्हणतो आणि जेवणावरून उठून जातो. त्याचे चुकते असे मला म्हणता येत नाही. देह ही काही मिळकत नव्हे. तो शेवटी त्याच्याच हाती राहणार. त्याने खाली संमती लिहून दिली नाही तर हे कलम रद्द समजावे. पोरावर रुसून मला मातीत जायचे नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
रहमतुल्ला वल्द दाऊद
मुक्काम जुन्नर, ता. १४ फेब्रुवारी १९५८

साक्षीदार
१. चिमाजी भागू, राहणार घाटघर, जुने गिऱ्हाईक
२. राजमहंमद वल्द इस्माईल, शेजारी, जुन्नर

वारसाचा शेरा: कलम चार मला पटलेले नाही. तरी संमती देतो. अट एकच. डॉक्टर काम करतील तेव्हा मी अब्बांच्या उशाशी उभा राहीन, आणि शिवून झाल्यावर शेवटची आंघोळ मीच घालीन.
अन्सार वल्द रहमतुल्ला