तपासणीआधीचा आठवडा

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज ऑफिसात एका तरुण सहकाऱ्याने मला विचारलं, "मॅडम, ही कल्पना तुम्हाला कुठून सुचली?" मी म्हटलं, "अनुभवातून." तुझं नाव घेतलं नाही, पण कल्पना तुझीच आहे. प्रयोगशाळा सोडून मी कंप्युटरवर आजारांची मॉडेलं करायला लागले, तेव्हा तू तुझ्या कानडी मिसळलेल्या मराठीत किती चिडली होतीस! "एवढी बायोलॉजी शिकून शेवटी कंप्युटरपुढेच बसायचं तर आधीच इंजिनिअर व्हायचं की. सुम्ने, उगाच इतकी वर्षं घालवलीस." मी समजावत होते, की काचेच्या बशीतल्या पेशी मला त्या दुपारपुरतंच सांगतात; साखरेने माणूस वर्षानुवर्षं कसा झिजत जातो ते बशीत मावत नाही, ते गणितानेच मांडावं लागतं. तू अवरेच्या शेंगा सोलत ऐकलंस आणि म्हणालीस, "मग माझं गणित मांड. पण गोड सोडायला सांगू नकोस, आय्ता?"

तुझं गणित घरात सगळ्यांना पाठ होतं. शुगर तपासायची तारीख जवळ आली की स्वयंपाकघराचा नूरच बदलायचा. भाताचं पातेलं लहान होतं, वाटीत मेथ्या भिजत पडतात, जयलक्ष्मीपुरमच्या आपल्या गल्लीत तू पदर खोचून फेऱ्या मारतेस. रिपोर्ट हातात पडला की डॉक्टरांनी केलेलं कौतुक मिरवत घरी येतेस, "तुंबा चेन्नागिदे म्हणाले, नोडु! एकदम छान!" आणि येता येता देवराज मोहल्ल्यात रिक्षा थांबवून घेतलेला म्हैसूरपाक पिशवीतून बाहेर निघतो. आम्ही हसायचो, तूही हसायचीस. पुढे तुझी मूत्रपिंडं थकली, तेव्हा ते छान छान रिपोर्ट चाळताना डॉक्टर बुचकळ्यात पडले होते.

यंदा आमचं मॉडेलही तसंच बुचकळ्यात पडलं. आमच्याकडच्या नोंदी बहुतेक उपाशीपोटी तपासलेल्या साखरेच्या. या नोंदी चांगल्या असलेल्या माणसांची मूत्रपिंडंही मॉडेलच्या अंदाजाच्या कितीतरी आधी निकामी होत होती. सगळे समीकरणांतल्या चुका शोधत होते, माझं हे काम बंद करायचं बोलणंही सुरू झालं होतं. मला मात्र एकदम तुझ्या त्या मेथ्या दिसल्या. मी मॉडेलमध्ये एवढंच घातलं, की माणूस तपासणीआधी आठवडाभर शहाणा होतो आणि मग पुन्हा स्वतःसारखा होतो. मॉडेल जुळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला तुझी इतकी आठवण आली की पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगून टाकते. परवा माझी शुगर तपासायची आहे. सोमवारपासून भात बंद आहे, आणि आत्ता मेथ्या भिजत घालूनच लिहायला बसले आहे.