एकशे अठरा नाणी आणि तितक्याच चिठ्ठ्या

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (कंबर धरलेलीच आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकले आहे, गोड मानून घ्यावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मागे फोनवर म्हणालात, की जिना उतरताना देवाचं नाव घेता आणि चढताना डॉक्टरांचं. त्यावरून दोघांचाही फारसा उपयोग होत नसावा असं दिसतं. मालिश सोडू नका. माझं विचाराल तर मी बरी आहे. जेवते, झोपते, दार लावते आणि लावलंय का ते दोनदा उठून बघते.

तुम्ही आलात तेव्हा घरात इतकी माणसं होती, की नक्की काय झालं ते सांगायचं राहूनच गेलं. तुमचे बंधू गेले ते टेबलाशी बसूनच. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर रोमन चांदीचं नाणं. मी चहा ठेवला आणि पाऊण तास त्यांच्याशी बोलत बसले. गळका नळ, वरच्या बाईंचा कुत्रा, तुमचा गुडघा, सगळं झालं. उत्तर आलं नाही. पण टेबलाशी बसल्यावर या माणसाने एकतीस वर्षांत मला उत्तर दिलेलं नव्हतं, त्यामुळे वेगळं काही वाटलं नाही. चहा गार होतोय म्हणून दंड हलवला, तेव्हा कळलं. (डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले, तुम्ही बोलायला लागण्याच्या आधीच. हे सांत्वन होतं की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही.)

तुम्ही सगळे परतलात त्याच दुपारी मी त्यांच्या कपाटातले सहाच्या सहा ट्रे पलंगावर उपडे केले. बाकीच्यांना मी ते हातातून निसटले असं सांगते, पण सहा ट्रे ओळीने निसटत नाहीत हे तुम्हालाही कळतं. एकशे अठरा नाणी, प्रत्येकाखाली यांच्या मुंगीएवढ्या अक्षरातली एक चिठ्ठी, सगळ्याचा एक ढीग. दहा मिनिटं फार बरं वाटलं. मग संग्रहालयाच्या बाईंचं पत्र आलं. सगळा संग्रह त्यांना द्यायचं यांनी कबूल करून ठेवलं होतं. (मला न विचारता. विचारलं असतं तर मी त्याच दिवशी पिशवीत भरून पोचता केला असता.) बाईंनी स्पष्ट लिहिलं होतं, की चिठ्ठी नसलेलं नाणं आम्ही घेत नाही, कारण ते कुठून आणि कधी मिळालं ते त्या चिठ्ठीवरच असतं. तेव्हा ज्या बाईला आयुष्यात एक नाणं ओळखता आलं नाही, तिला आता एकशे अठरा ओळखणं आलं.

चिठ्ठ्यांची मदत किती, तर ‘नर्वा. मान लांब.’ किंवा ‘व्हेस्पेशियन, जाड.’ वन्सं, एखाद्याच्या बारशालाही याहून जास्त माहिती मिळते. पहिल्या आठवड्यात मी सगळे सम्राट नाकावरून लावले, पण त्या घराण्यांत नाकांची साथच आली असावी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. एका राणीचा अंबाडा शिरस्त्राण समजून मी तिला सेनापतींत बसवलं. त्यांच्या लिपीत यूच्या जागी व्ही असतो हे कळायला मला नऊ दिवस लागले. एका नाण्यावर तर ना चेहरा, ना अक्षर. त्याला मी ‘अतिप्राचीन’ म्हणून कापसात घालून वेगळ्या डबीत ठेवलं.

शेवटी मी कुलूपवाल्यांना निरोप पाठवला. हो, तेच. यांची आणि त्यांची वीस वर्षांची मैत्री, आणि नंतर नऊ वर्षांचा अबोला, तोही एका नाण्यापायी. यांनी कुठून तरी ऑथोचं नाणं आणलं होतं. हा ऑथो सम्राट फक्त तीन महिने गादीवर टिकला. डोक्यावर केसांचा टोप घालायचा, आणि शेवटी त्याने स्वतःच जीव दिला. (नाण्याच्या मागे मात्र ‘प्रजेची सुरक्षितता’ असं कोरलेलं.) तीन महिन्यांत पाडली तेवढीच त्याची नाणी, म्हणून दुर्मिळ. हे आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. कुलूपवाल्यांनी ते हातात घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, की हे ओतीव आहे. खरं नाणं ठोकून पाडतात, साच्यात ओतलेल्याच्या कडेला बारीक जोड राहतो. ज्यांनी जन्मभर किल्ल्या घासल्या त्यांच्या बोटांना हे कळणारच. पण तुमच्या बंधूंनी त्यांना दार उघडून दाखवलं. पुढच्या वर्षी त्यांची बायको गेली, तेव्हाही हे गेले नाहीत. मी एकटी जाऊन आले, आणि घरी दुकानात गेले होते असं सांगितलं.

तर ते आले, भिंतीला हात लावत लावत. काचबिंदू. उजवा डोळा गेला, डाव्याला आता नुसता उजेड कळतो. म्हणजे ज्याला कळतं त्याला दिसत नाही आणि जिला दिसतं तिला कळत नाही, अशा दोघांनी दर गुरुवारी दुपारी काम सुरू केलं. त्यांनी बोटं फिरवून चेहरा सांगायचा, मी अक्षरं वाचायची, मग दोघांनी मिळून चिठ्ठी शोधायची. पहिल्याच दिवशी मी ती कापसातली डबी मोठ्या मानाने पुढे केली. त्यांनी हातात घेऊन बराच विचार केला आणि हलकेच म्हणाले, “वहिनी, हे कोटाचं बटण आहे.”

सातव्या गुरुवारी ऑथोची चिठ्ठी हाती लागली. पुढे नाव, आणि मागे पेन्सिलने आणखी काहीतरी. मी अडखळले, तसं त्यांनी विचारलं, “काय लिहिलंय?”

त्यांना दिसत नव्हतं. मी काहीही वाचू शकले असते, आणि खरं सांगते वन्सं, तोंड त्यासाठीच उघडलं होतं. पण वाचलं ते होतं तेच. “कड पुन्हा पाहिली. जोड आहे. ओतीव. तो बरोबर होता.”

“तारीख आहे?”

होती. भांडणानंतर जेमतेम तीन महिन्यांची. मी सांगितली.

“म्हणजे ही होती तेव्हा,” ते म्हणाले. “ही रोज म्हणायची, तुम्ही तरी जा, नाहीतर तो तरी येईल.”

मी चहा विचारला, नको म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. “पुढचं द्या.”

त्या दिवशी आम्ही आणखी चार नाणी लावली. ते गेल्यावर मला यांचा राग आला, आणि हा राग ट्रे उपडे करताना आला होता तसला नव्हता. माणसाला तीन महिन्यांत चूक कळते आणि तो ती कागदाला सांगतो. मला सांगायची. मी रोज चहा घेऊन तिथेच उभी होते.

पुढचे दोन गुरुवार ते आले नाहीत. मला वाटलं, आपणही त्यांना दारच दाखवलं. तिसऱ्या गुरुवारी आले, नेहमीच्या खुर्चीत बसले, आणि संग्रहालयाला नको असेल तर ते खोटं नाणं मला द्या म्हणाले. दिलं. त्यांनी ते खिशात टाकलं आणि खिशाचं बटण चाचपडत लावलं.

तर आता फक्त बावीस नाणी उरली आहेत. पहिला ट्रे मामंजींच्या वेळचा असल्यामुळे संग्रहालयाला तुमचीही संमती लागते. अर्ज सोबत आहे, परतीच्या पाकिटावर तिकीट लावलं आहे. सही करून महिनाअखेरीच्या आत पोचेल असं पाठवावं, म्हणजे मी या चांदीतून एकदाची सुटेन. मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे काही त्यांना आवडत असेल ते.

तुमची धाकटी भावजय

ता. क. सही चुकीच्या जागी पडली तर अर्ज परत येतो आणि सगळं सहा आठवडे लांबतं, असं बाईंनी बजावलं आहे. चुकीची जागा कुठली ते मी पेन्सिलने फुली मारून दाखवलं आहे. तिथेच करा.

आणखी एक. बावीस लिहिलं ते बरोबर आहे, पण गेल्या गुरुवारी चहाच्या वेळेपर्यंत सातच उरली होती. ते हात धुवायला आत गेले तेव्हा मी लावलेल्यांतली पंधरा उचलून परत ढिगात टाकली. बाहेर येऊन त्यांनी वरचंच एक उचललं. ते त्यांनीच तासाभरापूर्वी ओळखलं होतं. बोटांत धरून त्यांनी ते बराच वेळ फिरवलं, आणि म्हणाले, हे जरा अवघड दिसतंय, याला वेळ लागेल.