कितवा महिना

लाखांदूर,
६ डिसेंबर १९८७

चि. सौ. रत्नास गोमाजीचे व तुझ्या आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीनंतर आलेल्या तुझ्या पत्राला आज उत्तर लिहितो आहे. इतका उशीर झाला म्हणून बापावर रागावू नकोस. धान कापून झाले, पेंढ्यांचे पुंजणे रचले आणि आता मळणी, म्हणजे आपले चुरणे, सुरू आहे, हे एक कारण. खरे कारण असे की दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. तू ऑपरेशन करून घेणार हे वाचून भीती वाटली.

मुंबईत एक डॉक्टर पोटाला बारीक छिद्र पाडून नळीने आतली चरबी ओढून काढतो, असे तू लिहितेस. तुझ्या आईला वाचून दाखवले तर ती म्हणाली, पोरीच्या पोटाले का विहिरीवरची मोटार लावून राहिले? स्वतःच हसली आणि मग पदर डोळ्याला लावला.

मी चौथी शिकलेला माणूस, मला यातले काय कळणार. पण झोप लागत नाही म्हणून विचारतो. पूर्ण बेशुद्ध करतात का? रक्त किती जाते? आत अंधारात नळी चालवताना ती आतड्याला लागली तर? चरबी पुन्हा वाढली तर पुन्हा काढायची का? आणि ज्याला दुखणे नाही त्याने चाकू कायले लावून घ्यावा? जावईबापू वासुदेवराव काही टोचून बोलले असतील तर तसे स्पष्ट लिही. मी येऊन त्यांच्याशी बोलेन. लहानपणी तू इतकी किडकिडीत होतीस की शेजारची मंदाबाई तुला उदबत्ती म्हणायची. जरा अंगाने भरलीस तर एवढे काय बिघडले?

थंडी पडली आहे, छाती झाकून ठेव. तुझे उत्तर येईपर्यंत मला चैन नाही.

तुझा बाबा,
गोमाजी

—

ठाणे,
२० डिसेंबर १९८७

तीर्थरूप बाबा व आईस रत्नाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

बाबा, यांच्यावर विनाकारण संशय घेऊ नका. हे एका शब्दाने बोललेले नाहीत. उलट कशाला जिवाशी खेळतेस म्हणून तेच मला अडवतात.

तुम्ही विचारलेत, दुखणे नसताना चाकू का. ऐका. गेल्या वर्षी पावसाळ्यात माझे बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बाळ गेले, पण पोट तसेच राहिले. खाणे कमी केले, हातपाय काटकुळे झाले, पोट काही आत जात नाही. चाळीतली नवी बिऱ्हाडे, भाजीवाली, दळणाच्या गिरणीवरच्या बायका, जो तो विचारतो, कितवा महिना? मागे बसमध्ये एका म्हातारीने उठून मला जागा दिली, डोक्यावर हात ठेवला आणि मुलगाच होईल म्हणाली. मी बसले. उतरेपर्यंत तिला हो हो म्हणत राहिले. पोळ्याला गावी आले तर तळ्यावर सुमनबाईनेही तेच विचारले, आणि आई तिच्यासमोर गप्प राहिली. म्हणूनच दिवाळीला आले नाही. यांना सुट्टी नाही असे कळवले होते, ते खोटे होते.

या ऑपरेशनला लायपोसक्शन म्हणतात. पूर्ण भूल देतात, नंतर काही आठवडे पोटाला घट्ट पट्टा बांधायचा. डॉक्टर म्हणाले, भिण्यासारखे काही नाही. साखर, बी. पी. विचारले. सिगारेट, तंबाखू आहे का तेही विचारले. मला हसूच आले. म्हटले, आमच्या घरी बायका असले काही करत नाहीत. जानेवारीच्या शेवटची तारीख दिली आहे.

आपल्या आळीतला श्रावण इकडे कामाला येणार आहे असे कळले. त्याच्याबरोबर गुडाखूचे दोन डबे पाठवा. इथे तो मिळत नाही, आणि त्याने दात घासल्याशिवाय माझी सकाळ सुरू होत नाही, हे आईला माहीतच आहे.

तुम्ही काळजी करणार हे ठाऊक आहे. तरी माझ्यावर माया कमी करू नका.

तुमची,
रत्ना

—

लाखांदूर,
८ जानेवारी १९८८

चि. सौ. रत्नास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र एक्सप्रेसने टाकतो आहे. हाती पडताच वाच, मग चूल पेटव.

बसमधल्या म्हातारीचे वाचले तेव्हाच ठरवले, कोणा डॉक्टरला विचारायचेच. दुसऱ्या दिवशी तुझ्या देवाजीकाकाला घेऊन भंडाऱ्याला गेलो. तिथे ऑपरेशन करणारा एक मोठा डॉक्टर आहे. वाटले, खेडूत समजून हाकलून देईल. पण त्याने बसायला खुर्ची दिली. म्हणाला, हे ऑपरेशन मी करत नाही, पण त्याच्याबद्दल वाचले आहे आणि पोटे पुष्कळ उघडली आहेत.

त्याने सांगितले ते जसे आठवते तसे लिहितो. वजन कमी करण्यासाठी हे ऑपरेशन नव्हेच. एका जागी साचून राहिलेली थोडी चरबी तेवढी निघते, आणि तीही कातडी ताठ असेल तरच शोभते. बाळंतपणाने पोटाचे स्नायू फाकले असतील तर चरबी काढून पोट आत जात नाही, उलट कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. पुढे मूल हवे असेल तर आधी ते होऊ द्यावे. रक्त जाते, पू होतो, पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाते. क्वचित माणूस टेबलावरून उठत नाही. माझे तोंड पाहून देवाजीने मला पाणी पाजले, आणि बाहेर आल्यावर म्हणाला, दादा, ऑपरेशन पोरीचं हाय, बेशुद्ध तूच होऊन राहिला.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरने तंबाखूचे विचारले. मी छातीठोक सांगितले, आमची पोरगी सुपारीसुद्धा खात नाही, फक्त सकाळी गुडाखूने दात घासते. त्याने हातातले पेन खाली ठेवले. म्हणाला, बाबाजी, गुडाखू म्हणजे तंबाखूच, गुळात कालवलेला. रोज हिरड्यांतून तो रक्तात जातो, बारीक रक्तवाहिन्या आवळतो, मग जखम भरत नाही, कातडी काळी पडून सडूही शकते. मुंबईच्या डॉक्टरला हे माहीत आहे का? पोरी, माझ्या आईने घासला, तुझ्या आईने घासला, सगळा गाव घासतो. त्याला कोणी कधी व्यसन म्हटले आहे का? आम्ही त्याला मंजनच समजत आलो. तू डॉक्टरशी खोटे बोलली नाहीस, पण त्याला खरे कळलेही नाही.

आणि श्रावण तर परवाच गेला. डबे मीच त्याच्या पिशवीत कपड्यांखाली नीट ठेवले.

तार करायला निघालो होतो. तुझ्या आईने हात धरला. म्हणाली, तार पाहून पोरगी आपल्यातलाच कोणीतरी गेला असं समजंल. म्हणून पत्र.

ऑपरेशन करू नको असे आता मी म्हणत नाही. तुझे दुखणे मला कळले. पण त्या डॉक्टरकडे जाऊन गुडाखूचे सांग, आणि पोट हाताने नीट तपासून घे. चरबी किती आणि सैलपणा किती, ते त्याच्या तोंडून वदवून घे. एवढे केल्याशिवाय टेबलावर चढू नकोस.

बाबा

—

ठाणे,
२४ जानेवारी १९८८

ती. बाबा व आईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वेळेवर मिळाले. आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. गुडाखू म्हणजे काय तेच त्यांना माहीत नव्हते. मी नेलेला डबा उघडून वास घेतला आणि लगेच तारीख रद्द केली.

मग मला आडवे निजवून मान उचलायला लावली. पोटाच्या मधोमध त्यांची बोटे खोल आत गेली. म्हणाले, चरबी थोडीच आहे, स्नायू फाकले आहेत, नळीने हे काम होणार नाही. हे पहिल्याच दिवशी का पाहिले नाही, असे यांनी विचारले, तर ते कागद चाळू लागले. फाकलेले स्नायू शिवायचे ऑपरेशन वेगळे आणि मोठे असते. तेही मुले झाल्यावर करावे म्हणतात. तोवर काही व्यायाम सांगितले आहेत.

गुडाखू त्याच दिवशी सोडला. डोके भणभणते, यांच्यावर उगाच खेकसते. तेही एक वेळ सोसेन. पण बाबा, मी या ऑपरेशनवर सगळी आशा ठेवली होती. आता पोट असेच राहणार आणि लोक विचारतच राहणार. शिमग्याला बोलवाल, पण मी येणार नाही. कृपा करून आग्रह करू नका.

रत्ना

—

लाखांदूर,
१२ फेब्रुवारी १९८८

चि. सौ. रत्नास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तारीख रद्द झाल्याचे वाचून मी देवाला हात जोडले. मग पुढचे वाचले आणि हात तसेच राहिले.

तुझे पत्र तुझ्या आईने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतले. आपल्याकडे पोटातच गेलेल्या बाळाबद्दल कोणी बोलत नाही, सुतक धरत नाही, पाहुण्यांना कळवत नाही. तसे आम्हीही केले. त्यामुळे पोळ्याला तू आलीस तेव्हा गावाला काहीच ठाऊक नव्हते. दिसले ते लोकांनी विचारले.

काल दुपारी जेवणे झाल्यावर तुझी आई लुगडे बदलून बाहेर पडली. मला वाटले देवळात चालली. ती पहिल्यांदा सुमनबाईकडे गेली. तिला सांगितले, आमच्या रत्नाचं लेकरू सातव्या महिन्यात पोटातच गेलं, पोट तवापासून तसंच हाय, आता तिले कोणी काई विचारू नका. सुमनबाई तोंडावर पदर घेऊन रडली. म्हणाली, माहेही दोन असेच गेले, सासूनं बोलू देल्लं नाही. तिथून तुझी आई पुढच्या घरी गेली, मग त्याच्या पुढच्या. अख्खी आळी झाली, तळ्याकडची घरे झाली. कितीतरी घरांनी तिला बसवून घेतले आणि आपापले सांगितले. मंदाबाईने तर तिचा हातच सोडला नाही.

दिवेलागणीला परत आली. तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, आता येऊ द्या माह्या पोरीले.

ठाण्याच्या बसमधल्या लोकांचे मी काही करू शकत नाही, बाई. पण या गावात तुला कोणी विचारणार नाही. आग्रह करू नका म्हणालीस, म्हणून करत नाही. फक्त सांगतो आहे. येणार असशील तर कोणत्या दिवशी ते लिही. देवाजी आणि मी भंडाऱ्याच्या स्टँडवर सकाळपासून येऊन बसू. येणार नसशील तर तेही लिही, पण दोन ओळी लवकर टाक.

तुझा बाबा,
गोमाजी